कोविडमध्ये बाबांना डायलिसिस लागलं होतं, आता क्रिएटिनिन 1.3 आहे. किडनी बरी झाली म्हणायची का?

रातराणी

बाबा 64 वर्षांचे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू होती, बाकी काही त्रास नव्हता. कोविडच्या न्यूमोनियासाठी भरती केलं तेव्हा क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ घटक, किडनी बिघडली की वाढतो) 0.9. व्हेंटिलेटरवर घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी लघवी कमी झाली. क्रिएटिनिन चढत 4.6 वर गेलं, डायलिसिस करावं लागलं. नंतर लघवी सुरू झाली, डायलिसिस थांबलं. आता घरी आहेत. डिस्चार्जच्या कागदावर 1.3 लिहिलंय. वजन खूप उतरलंय, जिना चढताना भिंत धरतात.

फुप्फुसाचा आजार किडनीपर्यंत गेलाच कसा? काका म्हणतात औषधांच्या माऱ्याने झालं. 1.3 म्हणजे संपलं समजायचं का? आणि बंद केलेली टेल्मिसार्टन पुन्हा सुरू करायची का?

उलटी_घडी

मी किडनी विभागात डॉक्टर आहे, कोविडच्या काळात आयसीयूतली डायलिसिस बघायचे. कागद न पाहता बाबांचं निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेला क्रम मला फार ओळखीचा आहे.

2020 च्या पहिल्या लाटेत न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालय-समूहाने भरती झालेल्या 5,449 रुग्णांची माहिती छापली. त्यातल्या 36.6 टक्क्यांच्या किडनीला इजा झाली होती. पण खरी गोष्ट त्या सरासरीत नाही. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत हे प्रमाण जवळजवळ 90 टक्के होतं, बाकीच्यांत सुमारे 22. शिवाय गंभीर इजा बऱ्याच जणांना व्हेंटिलेटरची नळी घालण्याच्या आसपासच झालेली. म्हणजे बाबांचा 'दुसरा दिवस' अपवाद नव्हता.

कारण एक नसतं. भरती होण्याआधीच ताप, जुलाब आणि न खाणं-पिणं यांनी माणूस सुकलेला असतो. मग ऑक्सिजन घसरतो, रक्तदाब पडतो, कधी सेप्सिस होतो, म्हणजे संसर्गापायी अवयवच बिघडू लागतात. व्हेंटिलेटर छातीत दाब वाढवतो, त्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि किडनीला मिळणारा पुरवठाही घटतो. त्यात फुप्फुसांत पाणी साचू नये म्हणून सलाईन हात राखून द्यावं लागतं. आयसीयूच्या राउंडला छातीचे डॉक्टर आणि आम्ही यावरूनच रोज हुज्जत घालायचो, आणि दोघांचंही बरोबर असायचं.

विषाणू स्वतः किडनीच्या पेशीत शिरतो का, यावर बराच वाद झाला. बायोप्सीत मात्र बहुतेकांच्या किडनीतल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मेलेल्या दिसल्या. पुरवठा तुटल्यावर कुठल्याही गंभीर आजारात दिसतं तेच हे. यातली बरी बाजू अशी की या पेशी पुन्हा वाढतात.

काकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक, सीटी स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं औषध, यांचा भार पडू शकतो. पण ज्या माणसाला व्हेंटिलेटर लागला, त्याच्या बाबतीत सगळं खापर औषधांवर फोडणं मला पटत नाही.

आता 1.3. या आकड्यावर मी तरी खूश होणार नाही. काही लॅबच्या छापील मर्यादेत तो बसतो, म्हणून शेजारी खूणही नसते. पण बाबांचा स्वतःचा आकडा 0.9 होता, तुलना त्याच्याशी करायची. दुसरं असं की क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. आयसीयूतून आलेल्या माणसाचे स्नायू झडलेले असतात, त्यामुळे किडनी कमी काम करत असली तरी आकडा कमी दिसतो. भिंत धरून जिना चढणाऱ्या माणसाचं 1.3 आणि धडधाकट माणसाचं 1.3 एक नव्हे. उद्या बाबांच्या अंगावर मांस चढलं आणि आकडा किंचित वाढला, तर लगेच किडनी बिघडली म्हणून घाबरूही नका.

स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली सिस्टॅटिन-सी नावाची तपासणी असते. फक्त डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड चालू असताना ती उगाच जास्त येते. स्टेरॉइड थांबल्यावर करा. आजारापासून साधारण तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (अल्ब्युमिन हे एक प्रोटीन), हे दोन्ही व्हायलाच हवं. त्याआधीही डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासा. लघवीची तपासणी लोक हमखास टाळतात, आणि मला नेमकी तीच हवी असते.

टेल्मिसार्टन स्वतःहून सुरू करू नका, कायमची बंदही समजू नका. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन स्थिरावलं की बहुतेकदा ती पुन्हा देतात आणि एक-दोन आठवड्यांनी रक्त तपासतात. तेव्हा क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढलं तर सहसा चालवून घेतात.

मनमौजी

माझ्या माहितीत तर एकदा डायलिसिस लागलं की ते सुटत नाही.

उलटी_घडी

ज्यांची किडनी वर्षानुवर्षं हळूहळू झिजलेली असते त्यांचं तसं होतं. हा प्रकार वेगळा. न्यूयॉर्कमधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात 3,993 रुग्ण होते. 46 टक्क्यांना किडनीची इजा, आणि त्यातल्या 19 टक्क्यांना डायलिसिस. इजा झालेल्यांतले निम्मे रुग्णालयातच दगावले, ते लपवण्यात अर्थ नाही. घरी गेलेल्यांपैकी 35 टक्क्यांची किडनी तोवर पूर्ववत झाली नव्हती. मात्र त्यातल्या ज्यांचा पुढे पाठपुरावा झाला, अशा 77 पैकी 28 जणांची नंतर सुधारली.

दुसरा_डाव

मी या चक्रातून गेलोय. मानेत कॅथेटर, आणि मशीनचा फिल्टर सारखा गुठळ्यांनी तुंबायचा. नर्स म्हणायची, कोविडच्या पेशंटमध्ये हे नेहमीचंच.

रातराणी, दोन गोष्टी सांगतो. घरी आल्यावर जो तो सांगेल, भरपूर पाणी पाजा, किडनी धुऊन निघते. माझ्या पायांवर सूज होती, मला डॉक्टरांनी उलट पाणी मोजून दिलं होतं. तेव्हा बाबांना किती पाणी चालेल ते त्यांच्याच डॉक्टरांना विचारा. दुसरं म्हणजे डिस्चार्जच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मी दात काढायला गेलो होतो, दुखण्यावर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखीच गोळी, लिहून देत होते. फोटो दाखवला, लगेच पॅरासिटामॉल दिली.

रातराणी

खूप आभार. आता फाइल उघडून बसले. भरतीच्या दिवशीच लघवीत प्रोटीन 2+ होतं, आम्हाला कुणी बोललं नाही. म्हणजे आधीपासूनच बिघाड होता?

उलटी_घडी

तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. वुहानच्या 701 रुग्णांच्या अभ्यासात भरतीच्या वेळी 43.9 टक्क्यांच्या लघवीत प्रोटीन होतं. तापात, गंभीर संसर्गात ते तात्पुरतं येऊ शकतं. कोविडच्या आधीचा एखादा जुना लघवीचा रिपोर्ट सापडला तर बघा, विमा किंवा नोकरीच्या तपासणीतला असेल तरी चालेल. तो नसेल तर आताची तपासणीच सांगेल. सकाळची पहिली लघवी द्या. त्या दिवशी ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर पुढे ढकला. गुणोत्तर 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर आलं तर एका रिपोर्टवर थांबू नका, पुन्हा करून घ्या आणि दोन्ही कागद घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे जा.