दरवर्षी पाणीकपात, की बाराही महिने पाण्याचे नियम?

मुलुंडकर (धागाकर्ता)

मे महिना आला की मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतल्या साठ्याचे टक्के बातम्यांत झळकायला लागतात. मग पाच टक्के कपात, मग दहा. २०२४ मध्ये ३० मेपासून पाच टक्के होती, ५ जूनपासून दहा झाली. जुलैअखेर तलाव बरे भरले, कपात मागे घेतली आणि आमच्या सोसायटीचा वॉचमन पुन्हा पाइप घेऊन कंपाउंड धुवायला उभा.

कपात कागदावर सगळ्यांना सारखी असते, नळाला नसते. दाब कमी झाला तरी लाइनच्या सुरुवातीच्या इमारतीची जमिनीखालची टाकी भरतेच, पंप आहे, वर चढतं. टेकडीवरच्या किंवा लाइनच्या शेवटच्या नळाची मात्र शेवटची वीस मिनिटं जातात, आणि काही ठिकाणी पाणी तेवढाच वेळ येत असतं. दहा टक्क्यांत कुणाचं काहीच जात नाही आणि कुणाचं सगळंच जातं.

म्हणून मला वाटतं, पावसाळा चांगला असो वा नसो, काही नियम कायमचे असावेत. पाइप लावून गाडी आणि कंपाउंड धुणं बंद, बादली चालेल. टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हायलाच हवा. हॉटेलांत मागितल्यावर पाणी. बांधकाम आणि तरणतलावांना पिण्याचं पाणी नाही. नवीन इमारतीत प्रत्येक फ्लॅटला मीटर.

लॉस एंजेलिसमध्ये दुष्काळ नसतानाही हे असं आहे. पाइपने फरशी धुवायची नाही, रेस्टॉरंटमध्ये मागितल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. बंगळुरूने मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार दंड लावला, पण तो टंचाई आल्यावर. आपण टंचाईची वाट का बघायची?

पाइपलाइन

विरोध. पालिकेचेच आकडे बघा. रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी शहरात येतं. त्यातलं गळती आणि चोरीत जाणारं पाणी कधी पाव सांगितलं जातं, कधी एक तृतीयांश. पाव धरलं तरी रोज साडेनऊशे दशलक्ष लिटर. गारगाई धरण झालं तर त्यातून ४४० मिळणार आहेत, म्हणजे दोन गारगाई आपण जमिनीत जिरवतोय. आणि तुम्ही वॉचमनच्या हातातला पाइप काढून घेणार.

पाणी दिवसातून काही तासच सोडलं जातं, बाकी वेळ लाइन रिकामी. रिकाम्या लाइनमध्ये बाहेरची घाण आत ओढली जाते आणि दाब कमी-जास्त झाल्याने जुने सांधे उघडतात. मुलुंडकर, चोवीस तास पाण्याचा प्रयोग तुमच्याच वॉर्डात आणि वांद्रे पश्चिमेला करायचा ठरला होता. पुढे काय झालं, सांगा इथे.

मुलुंडकर

काही झालं नाही, अजून ठरल्या वेळीच येतं. पण गळती थांबेपर्यंत पाइप चालू ठेवायचा, हे कळलं नाही. दोन्ही का नको?

पाइपलाइन

कारण नियम लावला की पालिकेचं काम संपतं. 'नागरिकांनी सहकार्य करावे' असं पत्रक काढलं की झालं. २००२ पासून हजार चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला पावसाचं पाणी साठवणं सक्तीचं आहे, २००७ ला ती अट ३०० वर आणली. तुमच्या ओळखीच्या किती सोसायट्यांत तो खड्डा चालू आहे? आमच्या इथे त्यावर कुंड्या ठेवल्यात.

खानावळवाला, दादर

हॉटेलांवर प्रत्येक जण पहिला हात टाकतो. माणूस उन्हातून येऊन बसला की आधी पाणी ठेवायचं, ही आमच्या वडिलांची शिकवण. मागितल्यावर द्यायचं म्हणजे काय, ते काय शिल्लक आहे का? आणि आम्ही पाणी फुकट घेत नाही, व्यवसायाचा दर घरगुतीच्या कितीतरी पट असतो. पाणी वाचवायला आम्हाला नियम नको, बिलच पुरेसं आहे.

आमचं पाणी ग्लासात जात नाही, मोरीत जातं. कढया, ताटं, फडकी, संध्याकाळी स्वयंपाकघराची फरशी.

सेक्रेटरी, नाइलाजाने

शेठ, ग्लास कुणी हात न लावता परत गेला तरी तुम्ही तो धुताच ना? धुवायला आतल्या पाण्याहून जास्त लागतं. जग आणि रिकामे ग्लास टेबलावर ठेवा, शिकवणही राहील.

आता मीटर. मुलुंडकर, नवीन इमारतींचं ठीक आहे. आमची १९८४ ची. गच्चीवरून स्वयंपाकघराला वेगळा पाइप खाली येतो, बाथरूमला वेगळा, संडासला वेगळा, आणि प्रत्येक मजल्याला त्यातून फाटा. म्हणजे एका फ्लॅटला तीन मीटर. सगळी भिंत फोडायची आणि मग महिन्याला रीडिंग घ्यायला कोण जाणार? मीच.

सध्या सोसायटीला एक मीटर, बिल भागिले फ्लॅट. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी आणि समोरचं आठ जणांचं कुटुंब सारखंच भरतात. त्यात घरगुती दर हजार लिटरला सहा-सात रुपये. पाच माणसांनी माणशी १३५ लिटर रोज वापरलं तर महिन्याला वीस हजार लिटर, पाण्याचे पैसे दीडशेच्या आत. या पैशात पाणी जपून वापर म्हणून सुनेला सांगायची माझी हिंमत नाही. माणशी १५० लिटरच्या वर गेलं की दर दुप्पट, पुढे तिप्पट, चौपट होतो, पण तोही अख्ख्या सोसायटीच्या सरासरीवर. उधळणारा त्या सरासरीत लपतो.

टाकीच्या पंपाचं मात्र शंभर टक्के पटतं. आमच्याकडे पहाटे पंप लावून ऑपरेटर डुलकी काढायचा. गच्चीच्या पन्हाळीतून पाण्याची धार पार्किंगमध्ये पडायची आणि खाली लोक म्हणायचे, पाऊस लवकर आला वाटतं. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच बसवला, विषय संपला. दंड नाही, पत्रक नाही.

मंडाले, गोवंडी

सगळं वाचलं. तुमच्याकडे पाइप आहे, टाकी आहे, पंप आहे, मीटर एक असावा की तीन यावर वाद आहे. आमच्या गल्लीत नळच नाही.

माझी आई ३५ लिटरचे कॅन विकत घेते, एकाला पंधरा-वीस रुपये. हिशेब सेक्रेटरींच्याच पद्धतीने करते: हजार लिटरला सव्वाचारशे ते पावणेसहाशे. तुम्हाला सात. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाचं पाणी तोडता येत नाही. २०२२ मध्ये पालिकेने 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणलं. आमचा अर्ज फिरतोच आहे.

बचत आम्हाला शिकवू नका. तांदळाचं पाणी भांड्याला, भांड्याचं फरशीला, फरशीचं संडासला. नियम करा, जरूर करा, पण वाचलेलं पाणी कोणत्या लाइनमध्ये जाणार ते त्याच कागदावर लिहा.

पाइपलाइन

ताई, हाच मुद्दा मी दुसऱ्या टोकाने मांडतोय. ३,८५० ला २०११ च्या जनगणनेतल्या १ कोटी २४ लाखांनी भागा, माणशी तीनशेच्या वर लिटर येतं. लोकसंख्या दीड कोटी धरली तरी अडीचशेच्या वरच. कागदावर पाणी भरपूर आहे. आणि पालिकेचा हिशेब वर्षानुवर्षं इमारतीला माणशी १३५ आणि झोपडीला ४५ असाच चालत आला.

मंडाले, गोवंडी

दादा, मग विरोध कशाला? भरपूर आहे म्हणूनच वरच्यांनी कमी वापरायला हवं ना? गळती दुरुस्त झाली तरी ते पाणी आधी कुठे वळेल, हे काय मला ठाऊक नाही?

शहापूरकर

मी नोकरीला परळला, घर शहापूर तालुक्यात. भातसा, तानसा आमच्या उशाशी. मुंबईचं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसातून जातं आणि एप्रिल-मे आला की आमच्या पाड्यांवर टँकर येतो. बायका हंडे घेऊन त्याची वाट बघतात, मागे धरणाचं पाणी दिसत असतं.

आता गारगाई. तानसा अभयारण्यातलं जंगल बुडणार, गावं उठणार. त्यामुळे बारमाही नियमांना माझा पूर्ण पाठिंबा, आणि ते सौम्य आहेत अशी तक्रार. तरणतलावाला पिण्याचं पाणी नको, एवढ्यावर का थांबता? वरळी, धारावी, भांडुपसह सात ठिकाणी सांडपाण्याची नवी केंद्रं होतायत, मिळून २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची. ते पाणी फ्लशला, बांधकामाला, बागांना सक्तीचं करा आणि मग नवीन धरण मागा.

सेक्रेटरी, नाइलाजाने

फ्लशला वेगळं पाणी म्हणजे वेगळी टाकी आणि वेगळा पाइप. गंमत अशी की आमच्या जुन्या इमारतीत संडासचा पाइप आधीच वेगळा आहे. फक्त पालिकेने ते पाणी गेटपर्यंत आणून द्यावं. तोवर टँकर मागवावा लागेल. आणि टँकरवाल्यांनी एप्रिल २०२५ मध्ये संप केला तेव्हा निम्मं शहर घाबरलं होतं, आठवतंय ना?

खानावळवाला, दादर

जग ठेवायचं करून बघतो. पण दंडाची पावती कुणाच्या नावाने फाटणार ते आधी सांगा. गाडी साहेबांची, पाइप सोसायटीचा आणि पकडला जाणार महिन्याला चारशे रुपयांवर दहा गाड्या पुसणारा पोरगा.

मुलुंडकर

हे खरं आहे. दंड सोसायटीच्या पाणीबिलात जोडावा, माणसावर नको. म्हणजे पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनाच उत्तर द्यावं लागेल. आणि मंडालेच्या ताईंचा मुद्दा मी वर पहिल्याच नियमात घालतो: नियमांसोबत प्रत्येक वॉर्डाने कोणता व्हॉल्व्ह किती वाजता उघडतो आणि किती वेळ, हे चौकात लावायचं.

मंडाले, गोवंडी

चौकात लावा. आमच्या शेजारच्या वस्तीला नळ आहे, तिथे वेळ पहाटे चारची सांगतात. व्हॉल्व्ह उघडणारा चावीवाला कधी साडेचारला येतो, कधी येतच नाही, आणि तक्रार केली की 'वरून दाब नाही' हे उत्तर तयार. त्या बोर्डावर तक्रार कुणाकडे करायची त्याचा हुद्दाही लिहा.

पाइपलाइन

आणि वॉर्डाची गळती किती, तेही त्याच बोर्डावर, दर महिन्याला. हे केलं तर माझा पाइप घेऊन जा. नाहीतर विरोध कायम.