डिझाइनच्या मुलांकडून खरं रिफ्लेक्शन कसं करून घ्यावं?

स्टुडिओवाली: प्रॉडक्ट डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला शिकवते. सेमिस्टर संपताना प्रत्येकाने रिफ्लेक्शन म्हणून, म्हणजे आपल्या कामाकडे वळून बघत, अनुभवाबद्दल दोन पानं लिहायची असतात. मुलं वर्कशॉपमध्ये रात्री उशिरापर्यंत राबतात, पण लिहितात काय? ‘यूजर रिसर्चमधून खूप शिकायला मिळालं, टीमवर्कचं महत्त्व कळलं.’ सगळ्यांच्या वह्यांत हेच! कुणी वेगळं काही करून पाहिलंय का?

लाकूडकाम: आधी शेवटी लिहून घेणं बंद करा. तोवर ज्युरी (परीक्षकांपुढचं शेवटचं सादरीकरण) होऊन गेलेली असते, मग आपलं कसं बरोबर होतं एवढंच मुलं मांडतात. व्यावसायिक लोक काम करताना कसा विचार करतात याचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली केलेली फोड मला फार उपयोगी वाटते: काम करता करता होणारा विचार वेगळा आणि काम झाल्यावर त्याच्याकडे वळून पाहणं वेगळं. आपण फक्त दुसरं मागतो, तेही फार उशिरा.

आमच्याकडे प्रत्येक मॉकअपला, म्हणजे वस्तूच्या कच्च्या नमुन्याला, कागदाची पट्टी चिकटवतात. तारीख, काय बदललं, कशामुळे. बस्स. सोलाण्याच्या मुठीवर काम करणाऱ्या मुलीची पट्टी सांगते: ‘मूठ जाड केली. बटाटे सोलताना खानावळीतल्या मावशींचा ओला हात घसरत होता.’ पुढची: ‘परत थोडी बारीक. त्यांची बोटं पुरती मिटेनात.’ याच मुलीला दोन पानं लिहायला सांगितली असती तर तिनेही टीमवर्कच लिहिलं असतं. बाद झालेले मॉकअप मात्र टाकू देऊ नका, शेवटी ते ओळीने मांडूनच बोलायचं.

मुक्काम नाशिक: भाषेचंही बघा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीत लिहायला लावलं की ती पाठ केलेली वाक्यं उतरवतात. क्रिट (सगळ्यांसमोर कामावर होणारी चर्चा) संपल्या संपल्या मराठीत, हिंदीत, जमेल तसं फोनवर रेकॉर्ड करू द्या.

स्टुडिओवाली: पट्ट्या उद्याच सुरू करते. पण विद्यापीठाला मार्क लागतात. चुका कबूल करण्याला मार्क ठेवले तर मुलं चुका रचून लिहितील, ही भीती आहे.

लाकूडकाम: लिहितातच. म्हणून मार्क फक्त नोंदी वेळच्या वेळी ठेवल्याबद्दल द्या, मजकुराला नकोत. आणि तुम्ही त्या वाचता हे मुलांना दिसलं पाहिजे. पुढच्या क्रिटमध्ये एखादी पट्टी हातात घेऊन विचारा, ‘हा आकार का सोडलास?’