रात्रीचा शून्य प्रवाह आणि पावसाचे नमुने
हवेतील वायू मोजणाऱ्या ग्रामीण केंद्राच्या मनोऱ्यावर रात्री कार्बन डायऑक्साइडचा प्रवाह (जमीन-झाडे आणि हवा यांच्यातील त्याची देवाणघेवाण) जवळजवळ शून्य दिसतो, तो खरा मानावा का, असा प्रश्न विचारला जातो. माझ्या मते मुळीच मानू नये. एडी कोव्हेरियन्स, म्हणजे हवेतील भोवऱ्यांमधून होणारी वायूची ने-आण मोजण्याच्या पद्धतीत वाऱ्याचा उभा वेग आणि वायूचे प्रमाण सेकंदाला 10 किंवा 20 वेळा टिपून साधारणपणे अर्ध्या तासाचा सरासरी प्रवाह काढतात. पण वारा पडला की हवेतील भोवरे क्षीण होतात आणि मातीतून, मुळांतून बाहेर पडणारा वायू उपकरणापर्यंत न पोहोचता जमिनीलगत साचतो किंवा उताराकडे वाहून जातो. म्हणून घर्षणवेग (हवेतील खळबळ किती जोरदार आहे ते दाखवणारे माप) ठरावीक मर्यादेखाली गेलेल्या नोंदी वगळाव्या लागतात, आणि ही मर्यादा प्रत्येक जागेसाठी स्वतंत्रपणे काढावी लागते. तसे न केल्यास तेथील झाडोरा प्रत्यक्षापेक्षा जास्त कार्बन शोषतो, असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

निक्षेपणाची, म्हणजे हवेतील द्रव्ये पावसातून किंवा धुळीतून जमिनीवर उतरण्याची, मोजणी यापासून तोडू नये, असेही मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पावसातून उतरणारे नायट्रेट आणि अमोनियम मातीतील सूक्ष्मजीव वापरतात व त्यातूनच काही नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो, ज्याची तापवृद्धीची क्षमता 100 वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट आहे. पावसाचे नमुने गोळा करणाऱ्या सतत उघड्या नरसाळ्यात कोरडी धूळही पडते. त्यामुळे पहिल्या थेंबांनी संवेदक भिजताच झाकण सरकणारा संग्राहक हवा. तरीही नरसाळ्याच्या काठावर पाखरांची विष्ठा दिसली आणि फॉस्फेटही एकाएकी वाढलेले आढळले, तर तो नमुना बाद करावा, कारण त्यातील अमोनियम पावसाचे नसते.