प्रारूप विकास आराखड्यातून मैदान वगळले आहे : हरकत कशी नोंदवावी?

पिंपळपार

नमस्कार. आमच्या महानगरपालिकेने सुधारित प्रारूप विकास आराखडा नुकताच प्रसिद्ध केला असून हरकती व सूचनांसाठी ३० दिवसांची मुदत दिली आहे. आमच्या वसाहतीच्या मागे सुमारे दोन एकरांची मोकळी जागा आहे. जुन्या आराखड्यात तिच्यावर क्रीडांगणाचे आरक्षण होते. महापालिकेने ती कधी ताब्यात घेतली नाही, तरी परिसरातील मुले वर्षानुवर्षे तेथेच खेळत आली आहेत. नव्या नकाशात हा तुकडा पिवळ्या रंगात, म्हणजे निवासी विभागात, दाखवला आहे. (कार्यालयाच्या व्हरांड्यात लावलेल्या नकाशावरील सर्व्हे नंबर भिंगाशिवाय वाचता येत नाहीत आणि संकेतस्थळावरील फाईल मोबाईलवर उघडत नाही, हेही जाता जाता नोंदवतो.)

परिसरातील सोसायट्यांच्या बैठकीत दोन तट पडले. एकच मजकूर छापून घ्यावा, त्यावर हजारभर सह्या गोळा कराव्यात आणि पत्रांचा गठ्ठा नेऊन द्यावा, म्हणजे दबाव येईल, असे काहींचे म्हणणे होते. इतरांच्या मते सारे आधीच ठरलेले असते, सुनावणी हा केवळ उपचार असतो, तेव्हा कागद रंगवण्यापेक्षा नगरसेवकांना गाठावे. मला स्वतःला दोन्ही मार्ग अपुरे वाटतात, पण तिसरा मार्ग कोणता हे सांगता येत नाही. ज्यांनी ही प्रक्रिया जवळून पाहिली आहे त्यांनी मार्गदर्शन करावे : हरकतीत नेमके काय लिहावे, ती कोण वाचते, आणि ३० दिवसांनंतर नागरिकाच्या हातात काही उरते का?

मोजपट्टी

मी नगररचना विभागात नोकरी केली आहे आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून जे दिसते ते सांगतो.

हरकत लिहिण्याआधी आरक्षण का गेले हे शोधा. बहुतेक नागरिक ही पायरी गाळतात आणि सुनावणीत तोंडघशी पडतात. तीन कागद मिळवा : जुन्या मंजूर आराखड्याचा आपल्या भागाचा नकाशा, नव्या आराखड्यासाठी तयार केलेला विद्यमान जमीन वापर नकाशा (कोणत्या जागेचा आज काय वापर आहे हे दाखवणारा) आणि प्रारूप आराखड्यासोबतचा अहवाल. लोक नकाशाभोवती गर्दी करतात, अहवालाकडे कोणी फिरकत नाही. जुन्या आरक्षणांचे पुढे काय झाले याची माहिती मात्र त्यातच असते. आरक्षण दुसऱ्या जागेवर हलवले असेल, दरम्यानच्या काळात महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल झाला असेल, किंवा जागा मुदतीत घेतली नाही म्हणून मालकाने कलम १२७ ची सूचना देऊन ते संपुष्टात आणले असेल. प्रत्येक कारणाला उत्तर निराळे द्यावे लागते. ‘आमचे मैदान परत द्या’ एवढेच लिहून नेले आणि समोरच्या अधिकाऱ्याने ‘ते शेजारच्या सेक्टरमध्ये दिले आहे’ असे सांगितले, तर तुमची सुनावणी तेथेच संपली.

याच अधिनियमाच्या कलम २६ खाली तुम्हाला हरकतीचा हक्क आहे आणि कलम २८ खालील नियोजन समिती ती ऐकते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचनेची किंवा पर्यावरणाची जाण असलेले, शासनाच्या बाजूने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. त्यांच्यासमोर दिवसभरात शेकडो प्रकरणे येतात, म्हणून अर्ज असा हवा की पहिल्या पाच ओळींत जागा सापडली पाहिजे : सेक्टर, सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, जुन्या आरक्षणाचा क्रमांक, नव्या नकाशातील प्रस्ताव आणि तुमची नेमकी मागणी. त्यानंतर कारण. कारण शक्यतो त्यांच्याच अहवालातून काढा. त्या सेक्टरची भावी लोकसंख्या किती धरली आहे, तिच्यासाठी क्रीडांगणाचे किती क्षेत्र लागेल असे अहवालच म्हणतो आणि प्रत्यक्षात किती दाखवले आहे, ही तफावत दोन ओळींत मांडता आली, तर ती खोडून काढणे समितीला जड जाते. मुलांच्या भवितव्यावरचे परिच्छेद कोणीही वाचत नाही.

छापील गठ्ठ्याविषयी. एकाच मजकुराची पत्रे कार्यालयात विषयवार एकत्र बांधली जातात आणि त्यांवर एकच अभिप्राय लिहिला जातो, मग ती दहा असोत की हजार. संख्येचा उपयोग वर्तमानपत्रासाठी आणि राजकारणासाठी होतो, तो मी कमी लेखत नाही. पण समितीपुढे वेगवेगळ्या कारणांची दहा पत्रे अधिक कामाची ठरतात. ज्या शाळेला स्वतःचे मैदान नाही तिच्या मुख्याध्यापकांनी एक द्यावे, ज्येष्ठ नागरिक संघाने एक द्यावे, मैदानाच्या उताराने ज्यांच्या तळमजल्यात पावसाचे पाणी येत नाही त्या सोसायटीने निचऱ्याच्या मुद्द्यावर एक द्यावे. प्रत्येक अर्जात ‘समक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी’ ही विनंती स्पष्ट लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणीला दहा जण गेलात तरी बोलायचे एकाने, आणि त्याच्या हातात नकाशाची मोठी प्रत हवी.

आता शेवटच्या प्रश्नाकडे वळतो. समितीच्या अहवालानंतर महापालिका आराखड्यात बदल करते, ते बदल प्रसिद्ध करते आणि कलम ३० खाली आराखडा शासनाकडे जातो. या टप्प्यावर हरकतींची नवी फेरी नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. समितीत जिंकलेले मैदान महापालिकेने पुन्हा उठवले, तर तुम्हाला ते केवळ वाचायला मिळते. शासन कलम ३१ खाली मंजुरी देताना मोठे फेरबदल करणार असेल, तर तो भाग वगळून ठेवून त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. बोलीत त्याला ‘ईपी’ (एक्सक्लुडेड पार्ट, म्हणजे वगळलेला भाग) म्हणतात. ती जाहिरात राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानात येते, आणि तोवर सोसायटीतला उत्साह ओसरलेला असतो.

कोथरूडकर

वरील माहिती उत्तम आहे, पण प्रक्रियेवर एवढा विश्वास ठेवावा का याबद्दल पुण्याचा अनुभव जोडतो. २००७ ते २०२७ या काळासाठीचा आमच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. नियोजन समितीत मतभेद होऊन दोन वेगवेगळे अहवाल निघाले. मुख्य सभेत गोंधळ चालूच राहिला, शेवटी २०१५ मध्ये शासनाने आराखडा आपल्या हाती घेतला आणि मंजुरी मिळाली ती जानेवारी २०१७ मध्ये. २० वर्षांचा आराखडा, त्यातली जवळजवळ अर्धी वर्षे मंजुरीआधीच सरली. त्या ८७ हजार कागदांचे काय झाले असे मला कोणी विचारले, तर काही मैदाने आणि टेकड्यांच्या कडा वाचल्या, काही ठिकाणी उलटेही झाले, एवढेच सांगू शकेन.

मुंबईत मात्र २०१५ च्या फेब्रुवारीत आलेल्या प्रारूपावर एवढी टीका झाली की, मुख्यमंत्र्यांनी दोन महिन्यांतच ते दुरुस्त करून नव्याने मांडण्यास सांगितले. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले. रस्ते आणि वारसा वास्तू चुकीच्या दाखवल्या होत्या, हे लोकांनी जागेवर जाऊन दाखवून दिले होते. माझ्या मते फरक येथे पडला : मुंबईतील संस्था आणि रहिवासी प्रारूप येण्याच्या कितीतरी आधी, विद्यमान जमीन वापराचे नकाशे आले तेव्हापासून चुका शोधत होते. एखादे मैदान त्या पहिल्या नकाशात ‘रिकामी जागा’ म्हणून नोंदवले गेले की, पुढे त्याचे काय होणार हे निम्मे ठरून जाते. पिंपळपार यांना हे आता सांगून उपयोग नाही, पण ज्यांच्या शहराचा आराखडा अजून सर्वेक्षणाच्या टप्प्यावर आहे त्यांनी आजच चौकशी करावी.

दुसरा मार्ग अंदाजपत्रकाचा. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिक आपल्या प्रभागातील कामे क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन सुचवतात आणि ती पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात धरली जातात. योजना चांगली आहे. मात्र तिने आम्हाला बाक, दिवे आणि पदपथ मागायला शिकवले, जमीन मागायला नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या, त्यांवर आपल्या कायद्याने स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची सोय केली, २००९ मध्ये क्षेत्रसभांची तरतूदही झाली. खेड्यातल्या माणसाला ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला हिशेब विचारता येतो, आणि आमच्या प्रभागात क्षेत्रसभा भरल्याचे मी तरी ऐकलेले नाही. त्यातच मार्च २०२२ मध्ये पुण्या-मुंबईसह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकच होते, म्हणजे गाठायला नगरसेवकही नव्हते.

सातबारा

या चर्चेत जमीनमालकाची बाजू कोणीच मांडलेली नाही, म्हणून लिहितो. आमच्या वडिलोपार्जित जमिनीवर एका शहरात शाळेचे आरक्षण पडले, तेव्हा मी स्वतः शाळेत होतो. महापालिकेने ना जमीन घेतली, ना सोडली. बँक कर्ज देईना, भावांत वाटणी होईना, कुंपण घातले तर शेजारी तक्रार करीत की तुम्ही सार्वजनिक जागा अडवता. ज्या जागेचा मोबदला एक रुपयाही मिळालेला नाही तिला लोक ‘आमचे मैदान’ म्हणतात, तेव्हा मालकाला काय वाटते याचाही विचार व्हावा.

कायदा यावर उत्तर देतो. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन झाले नाही, तर मालक कलम १२७ खाली सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपते. ही मुदत २०१५ मध्ये १२ महिन्यांवरून २४ करण्यात आली. म्हणजे महापालिकेला एकूण १२ वर्षे मिळतात! तेवढ्यात पैशांची तरतूद झाली नाही, तर दोष मालकाचा नाही. तेव्हा हरकत जरूर घ्या, पण त्याच अर्जात संपादनासाठी अंदाजपत्रकात रक्कम धरावी अशी मागणीही करा आणि जमले तर मालकाला भेटा. मालक पैशांऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घेऊन जमीन द्यायला राजी असतो, पण फाईल हलत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे.

पिंपळपार

सर्वांचे आभार. मोजपट्टी यांच्या सूचनेप्रमाणे आज अहवाल पाहिला. आमच्या आरक्षणापुढे ‘कलम १२७ अन्वये व्यपगत’, म्हणजे संपुष्टात आलेले, एवढाच शेरा आहे. म्हणजे बैठकीत आम्ही ज्या अधिकाऱ्यांना दोष देत होतो त्यांनी नव्या आराखड्यात काही केलेलेच नाही, आरक्षण आधीच गेले होते. आता हरकत घेण्यात अर्थ आहे का?

मोजपट्टी

अर्थ आहे, पण मागणी बदलावी लागेल. प्रथम त्या शेऱ्याचा आधार मागा. आरक्षण व्यपगत झाल्याची अधिसूचना राजपत्रात निघालेली असायला हवी. तिची तारीख आणि मालकाने दिलेल्या सूचनेची प्रत माहितीच्या अधिकारात मागवा. तो अर्ज आजच टाका, कारण उत्तराला ३० दिवस लागले तर हरकतीची मुदत निघून जाईल. सूचनेसोबत मालकीचे कागद नव्हते किंवा २४ महिने पूर्ण झाले नव्हते असे आढळले, तर तुमच्या हाती मोठा मुद्दा लागेल. सर्व काही रीतसर झाले असेल, तर त्याच जागेवर पुन्हा आरक्षण मागण्याचा हट्ट न्यायालयात गुंतून पडण्याची शक्यता अधिक, आणि तो निर्णय वकिलांना विचारूनच घ्यावा.

माझे मत विचाराल तर हरकतीचा भर सेक्टरमधील तुटीवर ठेवा : दोन एकरांचे क्रीडांगण कमी झाले, त्याची भरपाई या सेक्टरमध्ये कोठे केली ते दाखवा, आणि केली नसेल तर अमुक जागेवर करा. ‘अमुक जागा’ तुम्हीच शोधून द्यायची आहे. जवळपास शासकीय जमीन आहे का, एखाद्या मोठ्या गृहप्रकल्पातून महापालिकेकडे आलेले सुविधा क्षेत्र वापराविना पडून आहे का, हे दोन रविवार फिरून पाहा. पर्याय सुचवणाऱ्या अर्जावर समितीला ‘अमान्य’ लिहितानाही कारण सुचावे लागते. सातबारा यांचे म्हणणे खरे आहे : मालक तयार असेल, तर कलम १२६ खाली करारानेही जमीन घेता येते, आरक्षण नसताना मात्र तो दरवाजा बंद होतो.

मांडवीकाठ

गोव्याहून एक इशारा. आमच्याकडे २०११ चा प्रादेशिक आराखडा लोकांनी रस्त्यावर उतरून २००७ च्या जानेवारीत मागे घ्यायला लावला आणि पुढच्या, २०२१ च्या, आराखड्यासाठी गावोगावी नकाशे नेऊन सूचना घेतल्या गेल्या. अनेक गावांनी घरोघर फिरून आपापली तळी, पाणवाटा आणि शेते नोंदवली. त्यानंतर गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात २०१८ मध्ये कलम १६ब आणि २०२३ मध्ये कलम १७(२) आले, आणि एकेका सर्व्हे नंबरचा विभाग अर्जावर बदलण्याची वाट मोकळी झाली. आराखडा जिंकून आम्ही घरी गेलो आणि तो तुकड्यातुकड्याने बदलत गेला. महाराष्ट्रात अशी वाट कोणती ते तिकडच्यांनी सांगावे.

मोजपट्टी

आमच्याकडे ती कलम ३७ आहे. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा तर महापालिका सूचना प्रसिद्ध करून एक महिन्याच्या आत हरकती मागवते. जाहिरात बहुधा चार बोटे रुंदीची असते आणि तिच्यात मैदान हा शब्द असेलच असे नाही, सर्व्हे नंबर मात्र असतो. पिंपळपार, आपल्या परिसरातील सर्व आरक्षित जागांचे सर्व्हे नंबर एका कागदावर उतरवून सोसायट्यांच्या सूचना फलकांवर लावा आणि रोज वर्तमानपत्रातील जाहीर सूचना वाचण्याचे काम दोघा निवृत्त सभासदांवर सोपवा.