एटनाचा सल्फर डायऑक्साइड: ट्रोपोमीवरून दिवसाचे टन कसे काढायचे?

खानापूरकर
एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सेंटिनेल-५पी उपग्रहावरच्या ट्रोपोमी या वायू मोजणाऱ्या उपकरणावरून सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीचा एसओटू (सल्फर डायऑक्साइड) मोजायचाय. मूळ फाइल उघडली की एकाच जागेचे १, ७ आणि १५ किमी असे तीन आकडे मिळतात, आणि फरक मोठा. कुठला धरायचा? स्वच्छ हवेवर उणे आकडे येतात ते गाळू का? आणि एटनाऐवजी आपलं अंदमानातलं ज्वालामुखीचं बॅरन बेट घेतलं तर?

निपाणीकर
उणे आकडे राहू देत. एसओटूचं शोषण ३१० ते ३३० नॅनोमीटरच्या आसपास अतिनील पट्ट्यात मोजतात. तिथं ओझोनही शोषतो, त्यामुळं मोजणीतला गोंगाट (खोटे चढउतार) शून्याच्या दोन्ही बाजूंना असतो. उणे तेवढे काढले की सरासरी उगाच वर चढते. फक्त -०.००१ मोल प्रति चौरस मीटरच्या खालचे टाका.

गोंगाट केवढा असतो ते बघायला चिक्कोडी-बेळगाव पट्टा जानेवारीच्या निरभ्र दिवशी काढून बघा की. इथं ज्वालामुखी नाही, कारखान्यांत जळतो तो उसाचा भुसा, त्यात गंधक नावालाच. पण पार्श्वभूमी म्हणून वजा करायला एटनाजवळचाच, वारा येतो त्या बाजूचा स्वच्छ भाग घ्या, कारण सूर्याचा कोन बदलला की गोंगाटही बदलतो.

टिळकवाडी
तीन आकडे म्हणजे वायूच्या उंचीची तीन गृहीतकं. खालच्या थरातून उपग्रहापर्यंत अतिनील प्रकाश कमी पोचतो, म्हणून वायू जमिनीलगत मानला की आकडा फुगतो. एटनाची विवरं सुमारे ३.३ किमीवर आहेत. शांत दिवशी १ आणि ७ च्या मधला आकडा उंचीच्या प्रमाणात काढा. स्फोटाच्या दिवशी धूर जिथवर गेला त्या उंचीचा आकडा धरा.

मग विवरापासून २०-६० किमीवर धुराला काटकोनात तीन-चार रेघा मारा आणि पार्श्वभूमी वजा करा. समजा सरासरी चौरस मीटरला ०.००२ मोल, रुंदी ४० किमी, वारा सेकंदाला ८ मीटर. ०.००२ × ४०,००० × ८ = सेकंदाला ६४० मोल, गुणिले ६४ ग्रॅम (एसओटूच्या एका मोलचं वजन), म्हणजे सेकंदाला ४१ किलो, दिवसाला साधारण ३,५०० टन.

खरी गोची वाऱ्यात आहे. ८ चे १२ झाले की उत्तर दीडपट. ईआरए५ या हवामानाच्या जागतिक नोंदसंचातला ७०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीचा वारा घ्या, तो ३ किमीच्या आसपासचा. जमिनीपासून १० मीटरचा घेतला तर उत्तर चुकलंच म्हणून समजा. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३ मीटरच्या खाली असेल तर धूर तिथंच साचतो, तो दिवस सोडा. उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास जातो. अहवालात ‘त्या वेळचा दर’ असंच लिहा.

बॅरन जेमतेम साडेतीनशे मीटर उंच, धूर लहान आणि खाली. एका दिवसाच्या चित्रावर भिस्त नको. डिसेंबर ते एप्रिलचे दिवस वाऱ्याच्या दिशेनं फिरवून एकावर एक ठेवा, मग सरासरी.

खानापूरकर
मूळ फाइली फार जड आहेत. गुगल अर्थ इंजिनवर (उपग्रहाची माहिती ऑनलाइनच हाताळायची गुगलची सोय) केलं तर चालेल?

निपाणीकर
नकाशा बघायला चालेल, टन काढायला नको. तिथं ढगांचा अंश ०.३ च्या वर असलेले पिक्सेल आधीच गाळलेले असतात. राखेचा दाट धूरही ढग समजून जातो आणि नेमक्या मधल्या भागात भोक पडतं. सूर्य डोक्यावरून ६० अंशांपेक्षा जास्त कललेला असला तरी पिक्सेल वगळतात, म्हणजे एटनाचा डिसेंबर हाती लागत नाही. मूळ फाइलच घ्या, पण एटनावरून जाणाऱ्या फेऱ्यांच्याच उतरवा आणि सिसिलीभोवतीचा चौकोन कापून बाकीचं पुसा.