धिंगरीची पिशवी हलकी होते, म्हणजे बुरशी पेंढा नक्की पचवते कशी?

गॅलरीतला_शेतकरी (बोरिवली)
मंडळी, मी गॅलरीत धिंगरी मशरूम लावतो, भाताचा पेंढा वसईचे एक ओळखीचे काका देतात, स्पॉन (मशरूमचं बियाणं) विकत आणतो. पीक बरं येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन-तीन तोडे झाले की पिशवी उचलताना एकदम हलकी लागते आणि आतली काडी बोटांत धरली तर भुगा होतो. हाच पेंढा नुसता पाण्यात भिजत टाकला तर कितीतरी दिवस काडी ती काडीच राहते. बुरशीला ना दात ना पोट, मग ही खाते कशी? नेटवर शोधलं तर "सेल्युलेज नावाचं एन्झाइम सोडते" एवढं एक वाक्य, की संपला विषय. एकटं एन्झाइम सगळं करतं का? आणि भातातही ग्लुकोज, पेंढ्यातही ग्लुकोज, मग आपल्याला भात पचतो आणि पेंढा का नाही?
जाता जाता अजून एक, एका पिशवीत कडेला हिरवा डाग आलाय, पावडर धरल्यागत. काय करू?

विरार_फास्ट
ॲसिड सोडते हो. ॲसिडने काय वाट्टेल ते विरघळतं. सोप्पंय.

टेस्टट्यूब_ताई (माटुंगा)
@विरार_फास्ट थोडंफार ॲसिड सोडतात काही बुरशा, पण त्याने पेंढा विरघळत नाही. पेंढा मुख्यतः सेल्युलोजचा, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचा, आणि लॅबमध्ये ॲसिडने ते तोडायचं म्हणजे सल्फ्युरिक आणि वर चांगली उष्णता लागते, इथे तर गॅलरीतल्या साध्या हवेत काम चाललंय.

आधी भात आणि पेंढा. ग्लुकोज दोन्हीत तोच, फरक जोडणीत. भातातल्या स्टार्चमध्ये अल्फा जोड असतो त्यामुळे साखळी वळत जाते, आत पाणी शिरतं, भात शिजतो. सेल्युलोजमध्ये बीटा जोड, प्रत्येक ग्लुकोज शेजारच्याच्या उलटा बसतो, मग साखळी सरळसोट होते आणि अशा सरळ साखळ्या एकमेकींना खेटून, हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून थरावर थर बसतात. तिथे पाण्यालाच आत जागा नाही, एन्झाइम कुठून शिरणार? आपल्या लाळेतलं अमायलेज तर फक्त अल्फा जोड ओळखतं, बीटाकडे ढुंकूनही बघत नाही. आणि खरं सांगायचं तर जोड तोडणं ही मोठी अडचण नाहीच, मोठी अडचण ती एक साखळी त्या गठ्ठ्यातून उपसून काढायची.

आता बुरशी. तिला पचन अंगाबाहेरच करावं लागतं. तंतूंच्या टोकांतून एन्झाइम बाहेर टाकायचं, साखर बाहेरच सुटी करायची आणि मग ती शोषून घ्यायची. एन्झाइम एकटं नसतं, टोळी असते. एंडोग्लुकनेज गठ्ठ्यातल्या सैल जागी साखळी मधेच कापतं, त्याने नवी टोकं तयार होतात. त्या टोकांवर येतं सेलोबायोहायड्रोलेज, आणि माझ्या मते सगळ्यात भारी काम याचंच. याच्या अंगात साधारण 5 नॅनोमीटर लांबीचा बोगदा असतो. साखळीचं टोक त्या बोगद्यात ओवून घेतो आणि साखळी न सोडता पुढे सरकत, दर खेपेला दोन-दोन ग्लुकोजचा तुकडा कापत जातो, त्या तुकड्याला सेलोबायोज म्हणतात. एक प्रकार साखळीच्या एका टोकाकडून सुरू होतो, दुसरा दुसऱ्या टोकाकडून. 2011 मध्ये जपानी संशोधकांनी हे रेणू सेल्युलोजवरून सरकताना मायक्रोस्कोपखाली प्रत्यक्ष बघितले, आणि पुढचा अडकला की मागचे सगळे त्याच्यामागे खोळंबतात हेही दिसलं, अगदी पावसात कुर्ल्याला लोकल एकामागे एक उभ्या राहतात तसे.

शेवटी बीटा-ग्लुकोसिडेज त्या सेलोबायोजचे दोन सुटे ग्लुकोज करतं. हे साधं काम वाटतं पण ते झालं नाही तर साचलेला सेलोबायोज त्या बोगदेवाल्यालाच ब्रेक लावतो.

आणि 2010 नंतर एक नवीनच गडी पुढे आला, एलपीएमओ नावाचं एन्झाइम. हा तांबं धरून ठेवतो आणि बाकीच्यांसारखा पाणी वापरून न कापता ऑक्सिडेशन करून गठ्ठ्याच्या घट्ट पृष्ठभागावरच चिरा पाडतो, मग बाकीच्यांना शिरायला वाट मिळते. बुरशांमधले हेच एन्झाइम आधी कित्येक वर्षं किरकोळ एंडोग्लुकनेज म्हणून यादीत पडून होते, कुणी विचारत नव्हतं.

वजनाचं म्हणाल तर शोषलेल्या साखरेतला बराच कार्बन श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन गॅलरीबाहेर गेला, थोडा तुमच्या भाजीत गेला.

खिडकी_गिरगाव
ताई मस्त. पण पेंढ्यात लिग्निनपण असतं ना, काडीला-लाकडाला कडकपणा देणारं ते द्रव्य, ते कोण काढतं? आमच्याकडे पॅकिंगच्या पाइनच्या फळ्यांचं कपाट होतं, पावसात ओल लागून लाकूड चॉकलेटी पडलं आणि चौकोनी चौकोनी तुकडे होऊन निघायला लागलं.

टेस्टट्यूब_ताई
बरोबर पकडलंत. धिंगरी व्हाइट रॉटमधली, म्हणजे लाकूड पांढरट करत कुजवणाऱ्या बुरशांपैकी, ती लॅकेज आणि पेरॉक्सिडेज सोडून लिग्निनसुद्धा तोडते, म्हणून पेंढा हळूहळू फिकट आणि मऊ होतो. तुमच्या कपाटात बहुतेक ब्राउन रॉट, म्हणजे लाकूड तपकिरी करत कुजवणारी. ती बुरशी लिग्निनला वरवर हात लावून बराचसा तसाच मागे ठेवते, म्हणून रंग चॉकलेटी. तिच्याकडे तो बोगदेवाला सहसा नसतोच. ती लोखंड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या रिॲक्शनमधून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे समोर येईल त्यावर तुटून पडणारे चिमुकले कण, तयार करते. ते इतके छोटे की एन्झाइम जिथे मावत नाही तिथे पोचतात आणि सेल्युलोजच्या साखळ्या तोडून टाकतात. लाकडाची ताकद फार लवकर जाते, बाहेरून ठीक दिसत असलं तरी. उरलेल्या फळ्यांचाही भरवसा धरू नका.

कृषी_सेवा_पनवेल
हिरव्या डागाकडे कुणीच बघितलं नाही. भाऊ, ती ट्रायकोडर्मा असणार. हो तीच, जी शेतकरी मर आणि मूळकुज या पिकांच्या रोगांवर आमच्या दुकानातून पुडे भरून नेतात. शेतात मित्र, मशरूमच्या पिशवीत वैरी. पिशवी घरात उघडू नका, बांधून बाहेर टाका, बाकीच्यांपासून आजच लांब करा. पेंढा गरम पाण्यात नीट बुडत नसेल किंवा भरताना फार ओला राहत असेल तर ही हमखास येते, मूठभर पेंढा पिळला तर पाण्याची धार लागता कामा नये.

आणि मजा बघा, ताई सांगतायत ते एन्झाइम जगभर जिच्यापासून काढतात ती हिचीच बहीण, ट्रायकोडर्मा रीसाय. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजायला लागले, त्या कापडावरून ही बुरशी मिळाली. तेव्हा चिंता होती कुजणं थांबवायचं कसं. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या नेटिक इथल्या सैन्याच्या लॅबमध्ये एल्विन रीस आणि मेरी मँडल्स यांनी तिच्या एन्झाइमवर काम केलं, आणि 1977 मध्ये रीसच्या नावावरून तिचं नाव पडलं. आज जीन्सचा फेड लुक आणायला दगडाऐवजी सेल्युलेज वापरतात.

गॅलरीतला_शेतकरी (बोरिवली)
ताई, दादा, खूप आभार. हिरवी पिशवी बांधून खाली दिली. आता डोक्यात भलतंच आलंय, मग पेंढ्यापासून घरीच साखर करता येईल की 😄

विरार_फास्ट
आणि साखरेपासून पुढचं पण 😜

टेस्टट्यूब_ताई
पुढचं सरकार करतंच आहे. पानिपतला इंडियन ऑइलचा प्लांट 2022 मध्ये सुरू झाला, वर्षाला 2 लाख टन पराळीपासून (तिकडे भाताच्या पेंढ्याला म्हणतात) 3 कोटी लिटर इथेनॉल अशी त्याची क्षमता सांगतात, टेक्नॉलॉजी पुण्याच्या प्राज कंपनीची. पण तिथेही आधी पेंढ्याला ॲसिड-वाफेने सैल करावं लागतं, त्याशिवाय एन्झाइम आत पोचत नाही, आणि एन्झाइम स्वस्त नाही. घरी केलंत तर जी काही साखर सुटेल ती तुमच्याआधी बॅक्टेरिया फस्त करतील, बादली आंबून वास सुटेल आणि सोसायटीची नोटीस येईल. त्यापेक्षा वापरून झालेला पेंढा कंपोस्टमध्ये टाका, अर्धं काम धिंगरीने करून ठेवलंय. आणि पिशव्या बेडरूमच्या खिडकीशी ठेवत असाल तर हलवा, धिंगरीचे बीजाणू सतत छातीत गेले की काहींना खोकल्याचा त्रास होतो, छत्र्या कडेने वर वळायच्या आत तोडत जा.

खिडकी_गिरगाव
ताई, त्या कपाटाच्या बाजूला सागाची चौकट आहे, तिला काही होणार नाही ना?

टेस्टट्यूब_ताई
सागाच्या गाभ्यात बुरशीला न मानवणारी द्रव्यं असतात, त्यामुळे लगेच नाही. पण आधी गळती बंद करा. ओल गेली की बुरशीचं काम थांबतं.