मदत हवी आहे: युरोपात द्राक्षं पाठवली, पण कायद्यानं ‘खरेदीदार’ कोण?

वेलमांडव:
रॉटरडॅमच्या आयातदाराकडे द्राक्षांचे कंटेनर जातात. भाव तोच ठरवतो. हिशोबपट्टी यायला ६०-७० दिवस लागतात आणि त्याच्या शीतगृहात सडलेल्या मालाची कपातही त्यातच. युरोपियन युनियनचा २०१९/६३३ हा अनुचित व्यापार प्रथांवरचा डायरेक्टिव्ह (सदस्य देशांना बंधनकारक निर्देश) भारतीय निर्यातदाराला लागू होतो का? आमची वार्षिक उलाढाल १५ लाख युरो. करारावर ‘कन्साइनमेंट’ (विक्रीसाठी सोपवलेला माल) लिहिलंय.

कलमबहाद्दर:
पुरवठादार कुठल्याही देशातला चालतो. पुरवठादार आणि खरेदीदार या दोघांपैकी एक जण युनियनमधला असला की पुरे. अडतं ते उलाढालीवर. पुरवठादार २० लाख युरोपर्यंत असेल तर खरेदीदार २० लाखांच्या वर हवा. पुरवठादार २० लाख ते १ कोटीच्या मध्ये असेल तर खरेदीदार १ कोटीच्या वर. पुढेही पायऱ्या आहेत, तुम्हाला पहिलीच लागते. संलग्न कंपन्या असतील तर त्यांचे आकडेही धरले जातात, तेव्हा १५ लाख हा आकडा एकदा तपासा.

‘नाशवंत’ म्हणजे काढणीनंतर किंवा प्रक्रियेनंतर ३० दिवसांत विक्रीलायक न राहणारा माल. नाशवंताला पैसे ३० दिवसांत, बाकीच्याला ६०. बेदाणा दुसऱ्यात जातो. ताज्या द्राक्षांबाबत आयातदार ‘शीतगृहात जास्त टिकतात’ म्हणू शकतो, पण व्याख्येत मालाचा स्वभाव बघतात.

आणि भाव खरेदीदारच ठरवत असेल तर मुदत हिशोबपट्टीच्या तारखेपासून धरत नाहीत. सुटा व्यवहार असेल तर ती डिलिव्हरीपासून, नियमित पुरवठा असेल तर ठरलेला डिलिव्हरीचा कालावधी संपल्यापासून. हा कालावधी एक महिन्यापेक्षा मोठा धरता येत नाही.

पावतीवाला:
खरी मेख ‘कन्साइनमेंट’मध्ये आहे. व्याख्येत खरेदीदार म्हणजे माल विकत घेणारा. आयातदार तुमच्या वतीनं, कमिशनवर विकत असेल तर ‘मी एजंट, खरेदी केलीच नाही’ म्हणून हात वर करेल. पुढच्या हंगामाच्या करारात विक्री, किमान भाव आणि मालकी कोणत्या क्षणी जाते हे स्पष्ट लिहून घ्या. लेखी मागूनही तो अटी लेखी देत नसेल तर तीही बंदी असलेली प्रथा आहे.

सीआयएफ (किंमतीत विमा आणि जहाजभाडं धरलेलं) लिहिलं म्हणजे मालकी गेली असं समजू नका (हा घोळ फार होतो). इन्कोटर्म्स, म्हणजे सीआयएफसारख्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या प्रमाणित अटी, खर्च आणि जोखीम ठरवतात, मालकी नाही. सडीची कपात बेकायदा ठरायला नुकसान त्याच्या जागेत किंवा मालकी गेल्यावर झालेलं हवं, आणि त्यात तुमची चूक नको. म्हणून कंटेनरमधल्या डेटा लॉगरचा (तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा) आलेख आणि उतरतानाचा तपासणी अहवाल त्याच दिवशी मागून ठेवा.

वेलमांडव:
तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल. आणि यूकेच्या मालाचं काय?

कलमबहाद्दर:
तक्रार एसीएमकडे, म्हणजे नेदरलँड्सच्या ग्राहक व बाजार प्राधिकरणाकडे. नाव गुप्त ठेवा असं पहिल्याच अर्जात लिहा आणि कुठली माहिती गोपनीय तेही नमूद करा. तक्रारीचा सूड म्हणून ऑर्डर तोडणं किंवा तशी धमकी देणं हाही भंगच. यूके युनियनबाहेर आहे, तिथल्या खरेदीदारावर हा डायरेक्टिव्ह चालणार नाही.